सरांचं दुसरं जपान

आमच्या शाळेत नवा शिक्षक रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्याला दोन गोष्टी सांगितल्या जात. एक, वणीच्या हवेत कोळशाची धूळ असते, तेव्हा पांढरा शर्ट घालून येत जाऊ नका. दुसरी, भूगोलाचे सर जपानला जाऊन आलेले आहेत.

पहिली गोष्ट सांगणारा माणूस गंभीर असे. दुसरी सांगताना तो जरा खिडकीबाहेर बघे.

मी विज्ञान शिकवायला आलो तेव्हा सर शाळेत मुरलेले होते. अंगाने काडी, मान लांब, खिशाला दोन पेनं. मे महिन्यात पेपर तपासायला आम्ही बसत असू, बाहेर कुत्रीसुद्धा उभ्या ट्रकांखाली सावलीला जात, आणि सर भर दुपारी वाफाळता चहा मागवत. माठाच्या पाण्याला ते उन्हाळाभर हात लावत नसत. म्हणत, "बाहेर ऊन हाय, तं पोटातही ऊन पाहिजे. दोन्हीकडे सारखं झालं का मंग तरास नाही होत." आणि लगेच आवाज बदलून जोडत, "मी जपानला असताना तिथले लोकही असेच करीत."

हा आवाजाचा बदल मला पहिल्या वर्षीच लक्षात आला. सर एरवी आमच्यासारखेच वऱ्हाडी बोलत. जपानचा विषय निघाला की मात्र त्यांची भाषा छापील होई. 'गेलतो'चं 'गेलो होतो', 'हाय'चं 'आहे'. जणू कोणी शेजारी बसून त्यांना मजकूर सांगत होतं.

त्यांच्या वर्गाबाहेर मुलांच्या चपला एका ओळीत असत आणि सगळ्यांची तोंडं बाहेर. "जपानी माणूस घरात शिरतानाच निघायची तयारी करून ठेवतो," असं ते सांगत. इतर वर्गांबाहेर चपलांचा ढीग असे. एकदा आमच्या इमारतीत मीटरच्या पेटीतून धूर यायला लागला. माझा वर्ग ओरडत, एकमेकांना तुडवत बाहेर पडला. दोन मुलांचे गुडघे फुटले, चपला तर निम्म्या तिथेच राहिल्या. सरांचा वर्ग चपलांत पाय सरकवत ओळीने मैदानात जाऊन उभा राहिला. कोणी धावलं नाही. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्यांचं नाव घेतलं. सर म्हणाले, "जपानला असताना एका भूकंपात मी हे पाहिले होते." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शिक्षकांच्या खोलीत टाळ्या नव्हत्या. तिथे हिशेब होता. शिक्षण दारव्ह्याला, मग डी.एड., मग वणीची नोकरी. या माणसाला जपानला जायला वेळ सापडला कधी? मुख्याध्यापकांनी एकदा चहा पिता पिता सरळच विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "मधल्या काळात."

तो शब्द आमच्याकडे रूढ झाला. कोणी उशिरा आलं की "कुठं होते?" "मधल्या काळात." सरकारी अनुदान कुठे गेलं? मधल्या काळात. सरांच्या समोरही आम्ही हे बोलत असू. तेही हसत. त्यांना राग आल्याचं मी कधी पाहिलं नाही, आणि त्यांनी माघार घेतल्याचंही.

त्यांच्या घरी गेलं की वहिनी चहा देत. जपान सुरू झालं की त्या उठून आत दूध बघायला जात. दूध उतू गेल्याचं मला आठवत नाही.

सर निवृत्त झाले, पुढे मीही झालो. मग एका वर्षी त्यांच्या एका जुन्या तुकडीने वणीच्या एका लॉनवर मेळावा भरवला. पुढाकार रफीकचा. रफीकचं चंद्रपूर रोडला ट्रकचं गॅरेज आहे. वणीतल्या खाणींच्या गाड्या त्याच्याकडे उभ्या असतात. शाळेत तो मागच्या बाकावरचा. आता अंगाने भरलेला, दाढी पिकायला लागलेली. त्याने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "सर, आमाले तुमी जपान दाखवलं, बसल्या जागी दाखवलं. आमी सगळ्यायनं मिळून ठरवलं हाय, आता तुमाले पुन्हा एक बार जपानले धाडाचं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी सरांच्या बाजूलाच बसलो होतो. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ते हात जागचे हलले नाहीत. पहिल्या रांगेत बायकांत वहिनी होत्या. इथे आत जायला दूध नव्हतं. त्या पदराचं टोक बघत राहिल्या.

तुकडीचा बेत सरांना वसंतात पाठवायचा होता, तिथली झाडं फुलतात तेव्हा. सर म्हणाले, पासपोर्टला वेळ लागेल. पासपोर्ट आला. मग मोतीबिंदू. डोळा झाला. मग वहिनींचे गुडघे. वहिनी म्हणाल्या, "माह्या गुडघ्याचं नाव नोका घेऊ. मी येत नाही, तुमी जा." असं करता करता फुलं गळून गेली आणि कारणं संपली तेव्हा उन्हाळा चढला होता. तिथला उन्हाळा आपल्या पावसाळ्यात येतो. रफीकने ऑगस्टची तिकिटं काढली. सोबतीला कोणीतरी इंग्रजी बोलणारा, रिकामा माणूस पाहिजे होता. तो मी.

मध्ये एकदा विमान बदलून आम्ही ओसाकाला उतरलो. दार उघडलं आणि कोणी गरम ओला टॉवेल तोंडावर टाकावा तशी हवा आली.

"आपलं ऊन भाजते," सर थोड्या वेळाने म्हणाले. "हे शिजवून राह्यलं."

हॉटेलात काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, जपानमध्ये पहिल्यांदाच आलात का? मी हो म्हणालो. सर ताठ झाले आणि म्हणाले, "सेकंड टाइम." मुलीने कौतुकाने मान लववली. टॅक्सीवाल्याने तेच विचारलं, नूडल्सच्या दुकानातल्या मालकाने तेच विचारलं. तिथे पाहुण्याला हा प्रश्न विचारायची रीतच असावी, आपण 'जेवण झालं का' विचारतो तशी. प्रत्येक वेळी सर म्हणत, "सेकंड टाइम." आणि माझ्याकडे बघत नसत. मीही बघत नसे. इतक्या वर्षांच्या ओळखीत माणसं एवढं एकमेकांसाठी करतात.

ओसाकाचा किल्ला पाहायला गेलो. दगडांची भिंत अशी की एकेक दगड खोलीएवढा. झाडांवर किडे भर दुपारी असे किरकिरत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. किल्ल्यावर सरांचा एक संपूर्ण तास असे. अंधारा लाकडी जिना, वर धापा टाकत पोचलेले सर आणि त्यांना ओंजळीत पाणी देणारा म्हातारा पहारेकरी. आम्ही आत शिरलो तर समोर लिफ्ट होती. आत गार हवेचं संग्रहालय, काचेच्या पेट्या, शाळेची पोरं. इमारत जुन्या किल्ल्याच्या जागी सिमेंटने बांधलेली, आणि तीही आमच्या दोघांच्या जन्माआधी, असं तिथे इंग्रजीत लिहिलं होतं. सरांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. आम्ही लिफ्टने वर गेलो. वरून अख्खं शहर दिसत होतं, पार समुद्राकडे धुरकट झालेलं. 

त्या दिवसानंतर 'मी जपानला असताना' हे शब्द बंद झाले. त्याऐवजी ते नुसते बघायला लागले. रस्त्याच्या कामाजवळ एक म्हातारा लाल दांडा घेऊन गाड्या थांबवत होता. त्याच्या जॅकेटला कमरेशी दोन छोटे पंखे बसवलेले, आणि हवेने जॅकेट पुरीसारखं फुगलेलं. सर त्याच्यापुढे कितीतरी वेळ उभे राहिले. म्हाताऱ्याने वळून आपले पंखे दाखवले. दोघेही हसले. निऑन पाट्यांच्या एका गजबजलेल्या कालव्याकाठी माणसं आरडाओरडा करत खात होती, गात होती. सरांच्या जपानमध्ये कोणी मोठ्याने बोलत नसे. "लय कल्ला करतेत रे हे लोक," ते म्हणाले, आणि त्यांना ते आवडलेलं दिसलं. कचरापेटी मात्र खरंच कुठे नव्हती. केळीची साल त्यांनी दुपारपासून खिशात ठेवली होती, आणि हॉटेलात आल्यावर मला काढून दाखवली. "हे मी सांगतलं होतं ना?" एवढंच म्हणाले.

तिथून आगगाडीने कुराशिकीला गेलो. जुनं गाव. मधून कालवा, दोन्हीकडे पांढऱ्या भिंतींची, काळ्या कौलांची जुनी गोदामं, पाण्यावर लोंबणाऱ्या झाडांच्या फांद्या. हे गाव कापसावर वाढलं. लाल विटांची जुनी सूतगिरणी वेलींनी झाकून गेलेली आहे. सर म्हणाले, "आपल्या जिनिंगवर वेल कोणी चढू देत नाही. आगीचं भेव." पाण्यातून होडी चालली होती, आतल्या माणसांनी वेताच्या टोप्या घातल्या होत्या. सरांना मी टोपी घ्या म्हटलं. नको म्हणाले. पाणी घ्या म्हटलं. मशिनमधली बाटली गार असते, म्हणून तीही नको.

कापडाच्या एका दुकानासमोर त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि मग सगळं वजन आलं. मी त्यांना धरेपर्यंत ते पायरीवर बसले होते. चेहरा राखेसारखा.

दुकानाची मालकीण बाहेर आली. आमच्याच वयाची, बारकी. तिने एक शब्द न विचारता सरांचे बूट काढले आणि मला पायांकडून धरायला खुणावलं. आम्ही त्यांना आत चटईवर निजवलं. तिने ओले पंचे मानेवर, काखेत ठेवले, पंखा वळवला, जवाचं गार पाणी आणलं आणि एक मिठात मुरवलेलं लाल फळ. सर ते फळ तोंडात धरून डोळे मिटून पडले. मग पेलाभर गार पाणी प्यायले. मग आणखी एक.

मी दवाखान्याचं विचारत होतो. ती मोबाइलमध्ये बोलून भाषांतर मला दाखवत होती: थोडं थांबू, रंग परत येत आहे. मग ती उठली, दारापाशी गेली, सरांचे बूट उचलले, रुमालाने त्यांच्यावरची धूळ पुसली आणि पायरीखाली ठेवले. जोडीने. तोंडं बाहेर.

सरांनी मान वळवून ते पाहिलं. बराच वेळ पाहत होते.

ती परत येऊन बसली. आता धोका टळल्यासारखं वाटून तिने मोबाइल तोंडाजवळ धरला आणि पडदा सरांपुढे केला. त्यावर इंग्रजीत लिहून आलं होतं: तुम्ही जपानमध्ये पहिल्यांदाच आलात का?

सर म्हणाले, "फर्स्ट."

तिला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. ती पुढे वाकली.

"फर्स्ट टाइम," सर म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "सांग तिले नीट. पहिल्यांदाच आलो म्हण."

मी सांगितलं. तिने दोन्ही हात टेकून मान लववली. आमच्या स्वागताला तिने आणखी एक पेला भरला.

परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले होते. भाताची हिरवी शेतं मागे जात होती. मी काही विचारलं नव्हतं. त्यांनीच सुरुवात केली.

"पहिल्या वर्षीची गोष्ट हाय. जपानचा धडा घेऊन राह्यलो होतो. पोट्टे ऐकत नव्हते. मी नवा, आवाज निघे ना. मागून एकानं इचारलं, सर, तुमी पाह्यलं काय जपान? मी म्हणलं, हो."

"मग?"

"मंग वर्ग चूप झाला. तसा चूप वर्ग मी आधी कधी पाह्यला नव्हता."

"आणि मधला काळ?"

"घरी होतो, दारव्ह्याले. नोकरी लागत नव्हती. अजून काय." त्यांनी मानेवरचा पंचा, बाईने तसाच देऊन टाकलेला, काढून मांडीवर ठेवला. "काही वाचलेलं होतं. चपलांचं वाचलेलं. काही मनचं. पोरायले सांगा लागन."

"कायले?" मी म्हणालो. "कोणाचं काय बिघडलं?"

"त्यायचं नसन बिघडलं. उद्या मले इचारतीन, कसं होतं जपान. मी काय सांगू? तो जिना सांगू का लिफ्ट?"

 मला वाटलं, वणीला पोचेपर्यंत विसरतील.

ते विसरले नाहीत. आल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात त्याच तुकडीच्या मुलांनी कार्यक्रम ठेवला. हार, फोटो दाखवायला पडदा, चिवड्याच्या प्लेटा. सर उभे राहिले. माइक धरला आणि वऱ्हाडीत बोलले.

"पोरायहो, मी जपानले पहिल्यांदाच गेलतो. याच्या आधी कधीच गेलो नव्हतो. तुमाले वर्गात सांगतलं ते खोटं होतं."

सभागृह हसलं. कोणीतरी शिट्टी मारली. "सर मजाक करून राह्यले!" सरांनी तेच पुन्हा सांगितलं. हसणं कमी झालं. त्यांची एक विद्यार्थिनी, आता स्वतः शिक्षिका, उठून जवळ आली. "सर, प्रवासाचा थकवा असन. बसा तुम्ही." ती त्यांच्या कोपराला धरून त्यांना खुर्चीकडे नेऊ लागली. आयुष्यभर खोटं सांगत आलेल्या माणसाचं खरं कोणी ऐकून घेईना.

"हिले इचारा," सर म्हणाले आणि वहिनींकडे बोट केलं.

सगळे वहिनींकडे वळले. वहिनींनी पदर सावरला. "खरं हाय," त्या म्हणाल्या. "मी लगनापासून संगं हावो. कुठी गेले नाहीत."

मग कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतून रफीक उठला, दारातून बाहेर गेला आणि त्याची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. फोटो दाखवायचे राहिले. चिवडा मात्र वाटला गेला. लोकांनी तो एकमेकांकडे न बघता खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या दारात. "चाल, रफीककडे जाऊ."

रफीक एका ट्रकखाली होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. कामावरच्या माणसाने वाकून सांगितलं, सर आले. पाय हलले नाहीत. सर एका जुन्या टायरवर बसले. मी उभा राहिलो. समोरून कोळशाच्या गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीबरोबर थोडी धूळ आमच्यावर बसत होती.

बऱ्याच वेळाने रफीक बाहेर आला. सरांसमोर उभा राहिला, बसला नाही.

"सर, तुमी एक मिस्त्री सांगतला होता. ओसाकाचा. गाडी खोलाच्या आधी तो हात धुवे, गाडीवर हात ठेवे न् इचारे, काय दुखून राह्यलं तुले? मंग कान लावून ऐके. मंगच पाना उचले. आठवते?"

"आठवते," सर म्हणाले.

"मी नापास झालो तवा अब्बानं मले गॅरेजवर टाकलं. मी रडत जाओ. ग्रीसमधी हात घालाची शरम वाटे. मंग तो मिस्त्री आठवला. मले वाटलं, जपानमधी जर याले इज्जत हाय, तं आपुनही तसंच करू. तवापासून मी हात धुतल्याबिगर गाडी खोलत नाही. माहे पोट्टेही नाही खोलत. ड्रायव्हर लोक हासतात. मी त्यायले सांगतो, ओसाकामधी असंच करतात." त्याने ग्रीसचे हात पुढे केले. "आता मी काय सांगू, सर?"

सरांनी खाली पाहिलं. "मिस्त्री होता," ते म्हणाले.

"आता पुन्हा नोका सांगू, सर."

"होता. ओसाकाले नव्हता. दारव्ह्याले होता. बसस्टँडच्या मागं सायकलीचं दुकान होतं त्याचं. गिऱ्हाईक सायकल सोडून गेलं का हात धुवे, सीटवर हात ठेवे न् इचारे. मी बाजूले बसून पंक्चर काढो. माहा बाप होता तो."

 एक ट्रक गेला. मग रफीकने विचारलं, "मंग तसंच काहून नाही सांगतलं?"

"दारव्ह्याचा पंक्चरवाला म्हणलं असतं तं तू ऐकलं असतं काय?"

रफीकने खरोखर विचार केला. प्रामाणिक माणूस. त्याने फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले.

"नसतं ऐकलं," तो म्हणाला. आणि टायरसमोर उकिडवा बसला. "नाव काय होतं त्यायचं?"

सरांनी सांगितलं. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची इतकी वर्षं त्यांच्या खुर्चीला लागून होती. त्यांच्या वडिलांचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. रफीकने ते चुकू नये म्हणून एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, सरांनी मान हलवली, आणि तो परत ट्रकखाली गेला.